झोक्याचं वरचं टोक

सातचा पाढा मला अजूनही ताठ उभं राहून म्हणता येत नाही. परवा फरशीच्या दुकानात सात आठे किती ते काढताना मी पुढंमागं डुलायला लागलो, तर दुकानदारानं आधी खुर्ची सरकवली आणि मग पाणी मागवलं. त्याला वाटलं, गिऱ्हाइकाला भोवळ आली. मी 'छप्पन्न' म्हणालो तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. वाशी तालुक्यातल्या आमच्या शाळेत शिवानंद गुरुजींच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं आज अशीच डुलतात. आमच्यातला एक पोलिसात आहे. तो पंचनामा लिहिताना इतका डुलतो की पंचांना भलताच संशय येतो.

शाळेसमोर एक म्हातारा लिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला गुरुजींनी झोका टांगला होता. दोर म्हणजे कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोटेचा नाडा आणि बसायला बाभळीची जाड फळी. बाकीच्या शाळांत पोरं मधल्या सुट्टीत झोका खेळायची. आमच्याकडं झोक्यावर पाढे आणि कविता पाठ करून घेतल्या जात, त्यामुळं मधल्या सुट्टीत पोरं त्याच्यापासून चार हात लांब पळत. गुरुजी समोर उभे राहून झोका ढकलायचे. झोका त्यांच्यापासून लांब जाताना अर्धी ओळ गुरुजी म्हणत, परत येताना उरलेली अर्धी पोरानं म्हणायची. "जाताना मी, येताना तू," हा नियम. आणि झोका वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थबकतो ना, तिथं पोरगं गप्प दिसलं की गुरुजी तेवढ्यात पुढचा शब्द पुरवायचे. "वर गेल्यावर गप ऱ्हायचं न्हाय," ते म्हणत, "पोरं तिथंच विसरतात."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "अभ्यासाच्या वेळेत हा झोका कशासाठी?" गुरुजींनी साहेबांनाच फळीवर बसवलं आणि तेराचा पाढा सुरू केला. साहेब तेरा सत्तेला वरच्या टोकावर अडकले. गुरुजींनी खालून हळूच 'एक्याण्णव' पुरवलं. साहेब उतरले, टाय सारखा केला आणि शेरा लिहिला, 'उपक्रम स्तुत्य आहे.'

गुरुजींच्या लेखी जगातली प्रत्येक चांगली गोष्ट मुळात झोकाच होती. बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या तो हाताचा झोका, आणि कविता म्हणजे बसल्या जागी घेतलेला झोका. सोमवारी महादेवाच्या देवळात भजनाला बसले की टाळ वाजवता वाजवता ते इतके लांबवर डुलायचे की शेजारचे आपसूक हातभर सरकून बसत. "सम म्हणजे काय रे? गेलेला झोका हातात परत येतो ती जागा." मला बॉलिंग शिकवताना म्हणाले, "चेंडू फेकू नको, झोक्यावर बसवून धाड. वाऱ्याला वाटलं पायजे, पाव्हणा आला." मी टेनिसच्या चेंडूला एका बाजूनं चिकटपट्टी लावून तसा धाडला. चेंडू असा काही वळला की बॅट, स्टंप आणि विकेटकीपर या तिघांना चुकवून लेगला उभ्या असलेल्या अंपायरच्या पोटात गेला. अंपायर गुरुजीच होते. पोट धरून खाली बसले आणि म्हणाले, "वळला खरा." वाशी-बार्शी गाडीत ते दांडी न धरता उभे राहत. गाडी जिकडं झुकेल तिकडं झुकायचं, म्हणजे पडत नाही, म्हणायचे. दोनदा पडले. ते म्हणे ड्रायव्हरला लय नव्हती म्हणून.

एवढ्या डुलणाऱ्या माणसाच्या घरात बाई मात्र ओळंब्यासारखी सरळ. मल्लम्माबाई. माहेर मुरूमचं, उमरग्याच्या पलीकडं, जिथं गल्लीचं एक तोंड मराठीत बोलतं आणि दुसरं कानडीत. गुरुजी परंड्याकडचे. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या जाणत्यांनी मठ, शेत, बैल, विहीर सगळं विचारून घेतलं. भाषा विचारायची राहिली. मल्लम्माबाईंनी सहा महिन्यांत मराठी उचलली, इतकी की बाजारात भेंडीवाल्याला गप्प करायच्या. कानडी त्यांनी तिघांसाठी राखून ठेवली होती: म्हैस, महादेव आणि गुरुजींवरचा राग. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात गुरुजींना कानडी आलं ते एवढंच. 'साकु' म्हणजे पुरे. 'बायमुच्च' म्हणजे तोंड मिटा. आणि 'हुच्च' म्हणजे येडा.

आणखी एक अक्षर होतं. मराठी बायको जिथं 'अहो' म्हणते, तिथं मल्लम्माबाई 'री' म्हणायच्या. घर शाळेला लागूनच, त्यामुळं ते 'री' आमच्या वर्गात यायचं. तुटक 'री' आलं की चहा झालाय. 'रीऽऽ' असं लांबलं की पाव्हणे आलेत. आणि 'री!' असं वर चढलं की म्हैस सुटलीय, तेव्हा अख्खा चौथीचा वर्ग म्हशीमागं. आम्ही पोरं पाठीमागं गुरुजींना 'री मास्तर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. रागावले कधीच नाहीत.

गुरुजी निवृत्त झाले त्या साली शाळेत लोखंडी घसरगुंडी आली आणि झोका उतरवला. गावानं विचारलं, "गुरुजी, शालीसंगट अजून काय देऊ?" ते म्हणाले, "फळी द्या." वाशीला बांधलेल्या घराच्या ओसरीत त्यांनी ती साखळ्यांवर टांगली. मल्लम्माबाई म्हणाल्या, "शाळंत लोकाची पोरं हलवली, आता घरात काय भिंती हलवता?" येताजाता ती फळी त्यांच्या गुडघ्याला लागायची, पाण्याच्या कळशीला लागायची. बारा वर्षांत त्या एकदाही तिच्यावर बसल्या नाहीत. मीच एकदा म्हणालो, "बाई, पंचमीला तरी बसा की."

"एकटीनं बसायचा झोका असतो व्हय?" त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या. आम्ही हसलो. आम्हांला वाटलं, गुरुजींना टोमणा आहे. गुरुजींनी तर फळीवर सरकून जागासुद्धा करून दाखवली.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. सकाळी गुरुजी फळीवर पेपर वाचत होते. आतून 'री' आलं. तुटक, चहाचं. गुरुजी "आलो" म्हणाले आणि हातातली बातमी संपवून गेले. मल्लम्माबाई ओट्याशी खाली बसल्या होत्या, चहा सांडला होता, उजवा हात मांडीवर परक्या वस्तूसारखा पडला होता. अर्धांगवायूचा झटका. सोलापूरला बावीस दिवस काढले. पाय हळूहळू टेकायला लागला, हात थोडा उचलायला लागला. वाचा मात्र गेली ती गेली. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. गुरुजींनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं, औषधं, पथ्य, व्यायाम. एवढं एक मात्र त्यांनी अजून ऐकलेलं नाही.

वाचा शिकवायला तिथं एक तरुण मुलगी यायची. तिनं गुरुजींना सांगितलं, "आजोबा, डोक्यात बोलण्याची जागा वेगळी आणि गाण्याची वेगळी असते. काही जणांना बोलता येत नाही, पण गाता येतं. ठेक्यावर काही म्हणून घेता आलं तर बघा."

ठेक्यावर म्हणून घ्यायचं! हे म्हणजे माशाला पोहायची परवानगी मिळण्यासारखं झालं. गुरुजींनी घरी येऊन फळीवर एक हातांची खुर्ची पक्की बांधून घेतली, मल्लम्माबाईंचं जुनं मऊ इरकल लुगडं घडी करून पाठीशी लावलं, एक पदर पोटावरून बांधला आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसानं पुन्हा शाळा उघडली. विद्यार्थिनी एक. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. समोर उभं राहून खुर्चीच्या हातांना धरून हलकेच ढकलायचं, परत आली की धरायचं.

सुरुवात त्यांनी 'बे एके बे'पासून केली. सत्तेचाळीस वर्षं ज्या बाईनं यांच्या घराचा हिशोब बोटांवर केला, तिला बेचा पाढा! मल्लम्माबाईंनी त्यांच्याकडं असं काही पाहिलं की गुरुजींनी दोन दिवसांत पाढे बंद केले. मग कविता. चौथीची, पाचवीची, सातवीपर्यंत आले. मग भजनं, आरत्या. बाई झोक्यावर शांत बसून समोरच्या भिंतीकडं बघायच्या. अर्धी ओळ म्हणून झाली की गुरुजी वाट बघत. झोका वरच्या टोकाला थबकला की न राहवून पुढचा शब्द पुरवत. आणि मग पूर्ण ओळ स्वतःच म्हणून टाकत. आठ महिन्यांत गुरुजींच्या सगळ्या कविता पुन्हा पाठ झाल्या.

आमच्या वर्गातला श्रीनाथ तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात मिस्त्री आहे. भेटायला आला तो फटाक्यांचा एक खोका घेऊनच. "बाई बोलल्या की उडवा, गुरुजी." गुरुजींनी तो खोका प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवला. आषाढात मी गेलो तेव्हा तो तिथंच होता. गाठही सुटलेली नव्हती.

"दमला असाल गुरुजी," मी म्हणालो.

"दमायला काय, झोका काय मी उचलून नेतो व्हय?" मग आतल्या दाराकडं बघत म्हणाले, "नंदीश, मला तिच्याकडनं काय भाषण नकोय रे. 'री' पायजे. एका अक्षराचं मागणं हाय. महादेवाला बी सांगितलंय, जास्त न्हाय मागत."

पंचमीला त्यांची मुलगी शिवप्रिया पुण्याहून आली. तिनं आईच्या डाव्या हातात मूठभर लाह्या दिल्या आणि म्हणाली, "बाबा, सरका. मी देते झोका." गुरुजींचा झोका म्हणजे पाळण्यातल्या बाळाला लाज वाटावी असा. शिवप्रियानं दिला तो पंचमीचा. खुर्ची वर गेली, साखळ्या कुरकुरल्या, मल्लम्माबाईंची पावलं जमिनीपासून सुटली, मुठीतल्या लाह्या ओसरीभर झाल्या. गुरुजी "अगं अगं" म्हणत पुढं धावले आणि मधेच थांबले. बाई गात होत्या.

तासाभरात मला फोन. "बोलली! म्हंजी गायली. म्हंजी कानडीत गायली!"

"काय गायल्या?"

"ते काय कळत न्हाय. पण स्पष्ट गायली!"

ओळ अशी होती: 'बार गेळती, जोकाली एर.' तीच त्यांनी दुसऱ्या झोक्याला म्हटली, तिसऱ्यालाही. आणि तेवढीच. झोका वर जायचा, ओळ संपायची, बाई थांबायच्या. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. शिवप्रिया पुण्याला परत गेली. गुरुजींनी जंग जंग पछाडलं. "पुढं? पुढं काय? म्हणा की पुढं!" असं झोक्याच्या वरच्या टोकाला ओरडून विचारलं. मराठीत जुळणारी एक ओळ स्वतः रचून लावून पाहिली. बाई त्यांच्याकडं बघत राहायच्या. भिंतीकडं नाही, त्यांच्याकडं. एवढाच फरक पडला होता.

"सुई अडकल्यावाणी झालंय रे," गुरुजी मला म्हणाले. मी रविवारी मुद्दाम धाराशिवहून गेलो होतो, आणि पंचमीला बारा दिवस झाले होते. "अर्धंच आठवतंय तिला. बाकीचं गेलं."

मी म्हणालो, "मुरूमकडच्या कुणालातरी ऐकवा. त्यांच्या कानावर असेल."

शिवप्रियाकडून नंबर मिळाला रुद्रम्मांचा. या मल्लम्माबाईंच्या लहानपणच्या मैत्रीण, एका गल्लीतल्या. सासरही गावातच मिळालं म्हणून मुरूममध्येच राहिलेल्या. व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांचा मोठा अंबाडा आणि कपाळभर विभूती दिसली.

"मास्तर, फोन तिच्याकडं धरा. तुमचं टक्कल बघाय न्हाय बसले मी."

मी फोन धरला. गुरुजींनी झोका दिला. खुर्ची वर गेली आणि बाईंनी म्हटलं, 'बार गेळती, जोकाली एर.' आणि थांबल्या.

आणि फोनमधून, जराही न अडखळता, त्याच चालीत आवाज आला, 'मुगिल मुट्टी बरूणु बार.'

मल्लम्माबाईंची मान वळली. झोका खाली येऊन पुन्हा वर गेला आणि बाईंनी पुढची ओळ म्हटली. नवी! मी ती कधी ऐकली नव्हती, गुरुजींनी तर नाहीच. फोनमधून तिचं उत्तर आलं. पुन्हा बाई. पुन्हा फोन. पाच ओळी झाल्या. सहाव्या ओळीला रुद्रम्मांचा आवाज फुटला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. बाई वाट बघत थांबल्या.

नाक पुसून रुद्रम्मा कडाडल्या, "मास्तर! तुमी काय ऐकत बसला हुता बारा दिस?"

"अहो, ती अर्धंच म्हणत होती..."

"अर्धंच असतंय तिचं! आमी दोघी एका फळीवर समोरासमोर उभ्या ऱ्हायाचो, पायात पाय घालून. अर्धं तिचं, अर्धं माझं. ती म्हणती, 'ये गं मैतरणी, झोक्यावर चढ.' म्या म्हणायचं, 'आभाळाला हात लावून येऊ.' एकीनंच समदं म्हणलं तर दुसरीनं काय नुसतं लोंबकाळायचं? तिचं कवाच संपलंय, मास्तर. पुढचं तुमचं हाय. बारा दिस झालं ती तुमची वाट बघतीया."

गुरुजींनी हलती खुर्ची धरून थांबवली. त्यांनी आयुष्यभर पोरांना एकच नियम शिकवला होता, जाताना मी, येताना तू. तो नियम समोर बसून कुणी त्यांनाच लावत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला उगाचच ते जुनं वाक्य आठवलं, 'एकटीनं बसायचा झोका असतो व्हय?' तो टोमणा नव्हता. माहिती होती. मी ते गुरुजींना सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही तेच आठवलंय.

मग त्यांनी विचारलं, "गेळती म्हंजी मैत्रीण व्हय? म्हंजी ती मला..."

"तुमाला न्हाय ओ! मला म्हणतीया. तुमी माझ्या जागी उभं हायसा, म्हणून."

गुरुजींनी मिशांवरून हात फिरवला. "सत्तेचाळीस वर्सांनी बढती झाली म्हणायची," ते म्हणाले. रुद्रम्मा हसल्या, मी हसलो. गुरुजी हसले ते आमच्यानंतर.

त्या दिवसापासून गुरुजी विद्यार्थी झाले. शंभर पानी वही आणली, वर 'कानडी' लिहिलं, आणि रुद्रम्मांनी फोनवर सांगितलेल्या ओळी तिच्यात उतरवल्या. रोज झोक्यावर प्रात्यक्षिक आणि आठवड्यातून एकदा रुद्रम्मांपुढं परीक्षा. ओळी पाठ झाल्या, चाल जमली, आवाज कुणी ऐकला तर हरकत नाही इथपर्यंत आला. पण दर परीक्षेत गुरुजी नापास.

"लौकर शिरताय, मास्तर! तिचं संपतं न संपतं तोच तुमचं सुरू!"

"मग काय करू? झोका वर जाऊन थांबतोय, ती गप बसतीया. मोकळं ऱ्हातंय की मधी."

"ऱ्हाऊ द्या की मोकळं! वर गेल्यावर पोटात गोळा येतोय, तवा कोण गातंय? तिथं गप ऱ्हायाचं. झोका फिरला की मग गायाचं. तुमी कवा झोक्यावर बसलाय का न्हाय?"

आता बारा वर्षं ओसरीतल्या फळीवर पेपर वाचलेल्या माणसानं काय सांगावं? पण गुरुजींना ते जमेनाच. पस्तीस वर्षं त्या वरच्या टोकाला त्यांनी पोरांना शब्द पुरवले होते. तिथली शांतता म्हणजे पोरगं विसरलं, एवढंच त्यांना माहीत. मास्तरला शांतता सहन होत नाही. वर्गात शांतता झाली की त्याला वाटतं, काहीतरी फुटलंय.

गौरीच्या सुमारास मी पुन्हा गेलो होतो. संध्याकाळचा झोका झाला, मल्लम्माबाई आत जाऊन आडव्या झाल्या. गुरुजी फळीवरची खुर्ची पुसत होते. मी विचारलं, "बोलतात का काही? गाण्याशिवाय?"

"न्हाय. गाण्यात असती तवा असती. उतरली की गप." ते पायरीवर येऊन बसले. "मी लई विचार केला, नंदीश. ती मला गेळती का म्हणती? कारण ती मुरुमात हाय. तिथल्या लिंबाला झोका हाय, समोर रुद्रम्मा हाय, आणि ती पंधरा वर्सांची हाय. तिथं मी न्हायच. तिला अजून भेटलेलोच न्हाय मी."

गुरुजी बोटं मोजायला लागले. आणि बारीक डुलायलाही.

"लग्न झालं तवा एकोणीस वर्सांची हुती. म्हंजी अजून चार वर्सं हायत. थांबतो मी. आधी गडबड केली, आता न्हाय करत. मुरुमाहून परंड्याला वरात आली की दिसंलच मी तिला. मिशा तेवढ्या काळ्या कराव्या लागतील, न्हायतर ओळखायची न्हाय."

"आणि ते 'री'?"

"ते लग्नानंतरचं हाय," गुरुजी म्हणाले. "आधी कसं म्हणंल?"

उठताना त्यांनी खुर्चीच्या पाठीचं लुगडं सारखं केलं. ते सरकलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी भर दुपारी फोन आला. आवाज चढलेला. "नंदीश! मला येडा म्हणाली!"

"कोण?"

"कोण काय? तीच! ऐक. आज बी मी लौकर शिरलो. ती म्हणली, झोका वर गेला, आणि मी आपलं ठोकून दिलं, 'मुगिल मुट्टी...' तर तिनं डावा हात माझ्या तोंडापुढं धरला, असा. आणि म्हणली, 'हुच्च!' गाण्यात न्हाय! चालीत न्हाय! बोलून म्हणली, स्पष्ट! आणि हसली. वाकड्या तोंडानं हसली, पण हसली!"

मी म्हणालो, "गुरुजी, ही मैत्रिणीला दिलेली शिवी म्हणायची, की तुम्हांला?"

मला वाटलं, विचारायला नको होतं.

"रुद्रम्माला विचारलं मी ते," ते म्हणाले. "तिला ही कवा तसं म्हणत हुती का, म्हणून. ती म्हणली, पोरीला 'हुच्ची' म्हणतात. 'हुच्च' गड्याला." आणि मग घाईघाईनं, स्वतःलाच बजावल्यासारखं, "तसं मुरुमात गडी बी लई असतील. आस धरून काय अर्थ न्हाय."

"मग फटाके उडवले का?"

"खोका उघडला. एक फुलबाजी लावली, उनातच. दिसली न्हाय नीट. शेजारचा विचारतोय, कुणाचा निकाल लागला? बाकी समदे पुन्हा बांधून ठेवले. ते कशाला हायत ते तुला ठाव हाय."

"आता तरी वरच्या टोकाला गप्प बसायला शिका," मी म्हणालो. "नाहीतर रुद्रम्मा याही परीक्षेत नापास करतील."

"येतंय की आता," गुरुजी म्हणाले. आवाज एकदम खाली आला, पोरानं वर्गात गुपित सांगावं तसा. "चांगलं येतंय. रात्री उजळणी केली, बरोबर थांबलो धाही वेळा. पण झोक्यावर तिच्यापुढं लौकरच शिरतो. रोज. एकदा तरी. चुकलो की ती गाणं थांबवून माझ्याकडं बघती."

ज्या माणसानं मला 'सात सत्ते' चुकलं म्हणून अख्खी मधली सुट्टी झोक्यावर लटकवलं होतं, तो माणूस सत्तरी उलटल्यावर रोज मुद्दाम चुकत होता.

मी काही बोलणार तेवढ्यात फोनमध्ये साखळ्यांचा कुरकुर आवाज आला. बाई खुर्चीवर बसलेल्याच असाव्यात आणि पायानं त्यांनीच फळी हलवली असावी. मग त्यांचा आवाज, बारीक, जरासा खरखरीत, पण चालीत पक्का, 'बार गेळती, जोकाली एर.'

"ठेव फोन," गुरुजी म्हणाले. "माझं आलं."

फोन ठेवायचं ते विसरले. मी कानाला धरून राहिलो. साखळी कुरकुरत वर गेली आणि थांबली. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही.